अंगठा की पंजा

३ सप्टेंबर, मंगळवार

कार्लाने आज एक जाडजूड वही आणून दिली. आकडे लिहायला म्हणून. पुढची पानं मी आकड्यांसाठी ठेवली आहेत आणि वही उलटी करून मागून हे लिहायला घेतलंय. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली, मागची चाळीस पोरं आरशात बघत गाडी पुढे न्यायची सवय आहे. एका वहीत दोन टोकांनी लिहिणं काही जड जाणार नाही.

प्रकरण असं आहे. आमच्या पेल क्रीकच्या क्लबात ऑरिन ट्वेट तीस वर्षं पिस्तूल शिकवतात. स्पर्धेसाठी नाही, वेळ आलीच तर जीव वाचवण्यासाठी. इथे शेजारचं घर दोन मैलांवर, आणि शेरिफचा माणूस बोलावला तर यायला पाऊण तास. माझा नवरा गस गेल्यावर मी एकटी राहायला लागले तेव्हा मीही त्यांच्याकडेच शिकले, आणि आता चार वर्षं त्यांच्या हाताखाली शिकवतेय. तर विमा कंपनीचं पत्र आलंय. लेखी अभ्यासक्रम हवा, प्रत्येक कृतीची एकच पद्धत हवी, आणि शिकवणाऱ्यांनीही दरवर्षी त्याच पद्धतीने परीक्षा द्यायला हवी. जो नापास तो शिकवणार नाही. बाकी सगळ्यावर एकमत झालं. घोडं अडलंय ते मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची डबी, बदलण्यावर.

शेवटची गोळी सुटली की पिस्तुलाची वरची सरकती पट्टी, म्हणजे स्लाइड, मागे जाऊन तिथेच अडकते. रिकामं मॅगझिन पाडायचं, भरलेलं आत ढकलायचं आणि स्लाइड पुढे सोडायची. ती सोडायची कशी, यावर भांडण. ऑरिन म्हणतात, बाजूला खिटी आहे, ती अंगठ्याने दाबा. ब्राइस केटलमन म्हणतो, अख्खा पंजा वरून टाका, स्लाइड मागे खेचा आणि सोडून द्या. ब्राइस चौतीस वर्षांचा. ॲरिझोनात पाच दिवसांचा वर्ग करून आल्यापासून तोही आमच्यात शिकवतो. माझ्या बसमध्ये हा तिसऱ्या बाकावर बसायचा आणि खिडकीला च्युइंगगम चिकटवायचा. आता हा ऑरिनना शहाणपण शिकवणार.

कोणाची पद्धत बरी ते मी तपासायचं, आणि ऑक्टोबर संपायच्या आत लिहून द्यायचं. कार्ला क्लबची सचिव आहे. म्हणाली, "तू कोणाच्याच बाजूची नाहीस, म्हणून तुझं नाव सुचवलं."

मी ऑरिनच्या बाजूची आहे. पण तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

पहिली चाचणी. बारा माणसं, वारा नेहमीसारखाच सुटलेला, टोप्या उडत होत्या. सुरुवातीलाच दोघांची जुंपली.

"घाबरलेल्या माणसाची बोटं चालत नाहीत, सर," ब्राइस म्हणाला. "बारीक काम जमत नाही. एवढीशी खिटी कुठे शोधणार? पंजा मात्र चालतो."

"बोटं चालत नाहीत?" ऑरिन म्हणाले. "मग चाप कशाने ओढतोस? नाकाने?"

सगळे हसले. ब्राइसही हसला, पण त्याचे कान लाल झाले. ऑरिननी सोडलं नाही. "आणि मॅगझिन पाडायचं बटण रे? तेही अंगठ्यानेच दाबतोस ना? तेवढ्यापुरता अंगठा शूर होतो, आणि पुढच्या क्षणाला भित्रा?"

मुद्दा बिनतोड होता. मी वहीत पुढच्या बाजूला लिहूनही ठेवला.

प्रात्यक्षिक मात्र ऑरिननी मला करायला सांगितलं. "माझं थोबाड तीस वर्षं बघतायत लोक. आज तू दाखव." मी दाखवलं. अंगठ्याने. खिटी खाली, स्लाइड पुढे, खट्. ऑरिन बघत होते ते माझ्या हाताकडे. आपल्या शिष्येचा अभिमान वाटत असणार.

आकडे: एका गोळीपासून पुढच्या गोळीपर्यंतचा वेळ टायमर सांगतो. अंगठ्याने सरासरी दोन पूर्णांक पाच सेकंद, पंज्याने जवळजवळ पावणेतीन. अंगठा पाव सेकंदाने पुढे. घरी येताना गाडीत गाणं म्हणत आले.

दुपारी कॉफी प्यायला बसलो तेव्हा ऑरिननी थर्मास माझ्याकडे सरकवला, "उघड ग जरा." झाकण अजिबात घट्ट नव्हतं. पुरुषांना म्हातारपणी राजेशाही सुचते ती अशी.

१० सप्टेंबर, मंगळवार

बाजारातून येताना ऑरिनच्या घरावरून आले. दारात ब्राइसची लाल गाडी उभी. हा इथे काय करतोय? भेट घेऊन गोड बोलून म्हाताऱ्याला फिरवायचा विचार दिसतोय.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज दहा जण. अंगठा पुन्हा पुढे. दोन डावखुऱ्यांचे हाल झाले, कारण खिटी पिस्तुलाच्या डाव्या अंगाला असते आणि डाव्या हातात धरलं की अंगठा पडतो पलीकडे. त्यांच्यासाठी पंजाच बरा. पण दहात दोन डावखुरे म्हणजे काही बहुमत नव्हे.

ऑरिननी हल्ली टिचबटणांचे शर्ट काढलेत, मोतिया बटणांचे, घोडेवाले घालतात तसले. मी म्हटलं, "कोणासाठी नटताय एवढं?"

"तुझ्यासाठी. आणखी कोण बघतंय मला?"

छान दिसतात त्यात, हे खरंच आहे. बुटांनाही नाड्या नाहीत, नुसते पाय सरकवायचे. एकूण सुधारलेत.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज मी स्वतःवरच चिडले आहे. तरी मजा आली, हेही कबूल करते.

कार्ला म्हणाली, नुसते कागद काय सांभाळायचे, मीही चाचणी देते. उभी राहिली. मी टायमर घेऊन बाजूला. गोळ्या सुटायला लागल्या आणि मला तिचे ओठ दिसले. एक, दोन, तीन, चार. पाचव्या गोळीलाच तिचा डावा हात कमरेच्या पट्ट्यावर, नव्या मॅगझिनवर पोचला होता. सहावी सुटली, स्लाइड अडकली, आणि हिचं मॅगझिन आधीच हवेत.

"कार्ला, तू मोजत होतीस?"

"मग? सहाच तर भरल्या होत्या मी."

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे ज्याचं मॅगझिन त्यानेच भरायचं, दुसऱ्याने हातही लावायचा नाही. ऑरिनचा पहिला नियम तो. आपल्या पिस्तुलात काय आहे ते आपल्यालाच ठाऊक हवं. नियम सोन्यासारखा आहे, पण चाचणीच्या बाबतीत त्यानेच माती केली. पिस्तूल कधी रिकामं होणार हे प्रत्येकाला आधीच माहीत. मोजत नसले तरी हाताला माहीत. घरात चोर शिरला तर तो काय सांगून शिरणार आहे, की बाई, सहा गोळ्यांनंतर बदला हं? तीन शनिवारांचे आकडे पाण्यात गेले.

मी म्हटलं, पुढच्या वेळी सगळ्यांची मॅगझिनं मी भरणार, कोणाला किती ते सांगणार नाही. तर पहिल्यांदाच ऑरिन आणि ब्राइस एका सुरात बोलले, "छे! भलतंच!"

"मी शिकवणारी आहे, दरोडेखोर नाही," मी म्हटलं. "आणि पिस्तुलाचं तोंड तर निशाणामागच्या मातीच्या बांधाकडेच असणार आहे ना?"

ऑरिननी हातातल्या मॅगझिनकडे पाहिलं. मग हसायलाच लागले, खांदे हलेपर्यंत. "तीस वर्षं मीच मोजायला शिकवलं लोकांना आणि वर म्हणत आलो, बघा किती चपळ झालेत. भर बाई तू. भर."

स्वतःची चूक सापडल्यावर असं हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझा गस असता तर आठवडाभर बोलला नसता.

२८ सप्टेंबर, शनिवार

शेडमागे बसून मॅगझिनं भरली. कोणात तीन, कोणात सात, कोणात पाच. प्रत्येकावर चिकटपट्टीने नाव. लोकांनी ती अशा चेहऱ्याने घेतली की जणू मी त्यांना माझी कवळी तोंडात घालायला सांगतेय.

आणि गंमत! सगळ्यांची गाडी घसरली. स्लाइड अडकलेली, पिस्तूल रिकामं, आणि माणसं आपली चाप ओढतायत. एकदा, दोनदा. ब्राइसने तर तीनदा ओढला आणि मग पिस्तुलाकडे असं पाहिलं, जणू ते त्याचा पगार घेऊन पळालंय. ज्यांना अडीच सेकंद लागायचे त्यांना साडेतीन-चार लागले. अंगठा आणि पंजा यांच्यातला पाव सेकंदाचा फरक त्यात कुठल्या कुठे बुडाला. खरा वेळ जातो तो हाताच्या कामात नाही, पिस्तूल रिकामं झालंय हे उमगण्यात.

फक्त एका माणसाने एकदाही रिकामा चाप ओढला नाही. ऑरिन. स्लाइड अडकली की त्याच क्षणी त्यांना कळतं, डोळ्यांच्या आधी तळहाताला कळतं. नवं मॅगझिन आत गेलं तेव्हा मी मनात टाळ्या वाजवायला लागले होते. पण मग ते जरा वळले, पिस्तूल पोटाशी घेतलं, दोन्ही हातांनी काहीतरी केलं, माझ्याकडे पाठ होती म्हणून दिसलं नाही, आणि मग स्लाइड पुढे गेली. टायमरवर चार पूर्णांक एक.

शिकवणाऱ्यांना परीक्षेत तीन सेकंदांची मुदत आहे. उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली असेल. ब्राइस पटकन पुढे येऊन म्हणाला, "मिस व्हर्ना, ही फेरी धरू नका, मी मध्ये आलो होतो." तो मध्ये आलेला मला दिसला नव्हता. तरी मी आकडा पेन्सिलीने लिहिला.

२ ऑक्टोबर, बुधवार

काल संध्याकाळी दालचिनीचे रोल घेऊन ऑरिनकडे गेले. पुन्हा लाल गाडी. गॅरेजचं दार खाली ओढलेलं आणि आतून खट् खट् आवाज. मी रोलसकट परत फिरले आणि दोन स्वतःच खाल्ले.

आज दाणागोट्याच्या दुकानात ब्राइस भेटला, त्याला बाजूला घेतलं. "हे बघ, त्या माणसाचं वय शहात्तर आहे. तुझं म्हणणं पटवायला दर मंगळवारी त्याच्या घरात जाऊन बसणं शोभत नाही. जे काय ते आकडे ठरवतील."

"हो, मिस व्हर्ना."

"तुझ्या पद्धतीत दम असेल तर ती मैदानावर जिंकेल. म्हाताऱ्याला छळून नाही."

"हो, मिस व्हर्ना."

एवढंच बोलला. कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं उचलून माझ्या गाडीत ठेवलं आणि गेला. उलट बोलला असता तर बरं वाटलं असतं. उगाच मला रात्रीपर्यंत चुटपुट लागली.

५ ऑक्टोबर, शनिवार

हरणांची शिकार सुरू झाली, मैदानावर चिटपाखरू नाही. ऑरिन आणि मी दोघंच. त्यांनी मोठ्या डब्यात चिली, म्हणजे मांस-राजम्याचा झणझणीत रस्सा, आणली होती, मी रोल. रोल चिलीत बुडवून खाल्ले. शाळेत मधल्या सुट्टीत मिळायचे तसेच. उन्हात पाठ शेकत बसलो. मला त्या बाकावर जितकं बरं वाटतं तितकं चर्चमध्येही वाटत नाही.

ऑरिन म्हणाले, "मी थांबलो तर काय होईल ग, व्हर्ना?"

"काय करायचे थांबलात?"

"शिकवायचा."

मला एकदम राग आला. म्हटलं, "तुम्ही थांबलात तर मीही थांबले. मग तो ब्राइस आणि कार्ला बसू देत इथे माश्या मारत."

ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, मूठ मिटत होते, उघडत होते. "माझी मरित गेली, घर रिकामं झालं, तेव्हा एक शनिवारच होता मला. बाकीचे सहा दिवस मी शनिवारची वाट बघायचो. अजून बघतो." मग म्हणाले, "तू मात्र आकडे सांगतील तेच लिही. तुला हवं ते नको."

केवढा मोठा माणूस! स्वतःचं नुकसान होत असलं तरी खरं लिही म्हणतो. मी मनात पक्कं केलं, यांचा शनिवार मी जाऊ देणार नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

बर्फ पडलं. हातमोजे घालून चाचणी घेतली. नऊ जण. हातमोज्यातून खिटी चार जणांना सापडलीच नाही, अंगठा नुसता घसरत राहिला. पंज्याने फक्त एक चुकला. हे आकडे मला आवडले नाहीत. दोनदा मोजून पाहिले, तेवढेच भरले.

घरी येऊन शांतपणे विचार केला. नुसत्या गुणांवर बघायचं तर दोन्ही पद्धती एकोणीस-वीस. उघड्या हाताने अंगठा किंचित जलद, हातमोज्यात पंजा खात्रीचा. पण झोपेतून उठलेला माणूस घरात हातमोजे घालून फिरतो का? नाही फिरत. आणि दोन्ही जवळजवळ सारख्याच असतील तर ज्या माणसाने तीस वर्षं एक पद्धत शिकवली त्याला शहात्तराव्या वर्षी दुसरी शिकायला का लावायची? जुनं ते सोनं उगाच म्हणत नाहीत.

लिहून टाकलं: 'स्लाइड केवळ अंगठ्यानेच, बाजूच्या खिटीने सोडावी. शिकवणाऱ्यांची परीक्षाही याच पद्धतीने होईल.' खाली सही. ऑरिनची जागा पक्की झाली. त्यांना आत्ताच सांगणार नाही, परीक्षेच्या दिवशी हातात कागद देईन. चेहरा बघण्यासारखा होईल.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

कार्लाला कागद वाचायला दिला. तिने वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढला. "ऑरिनना दाखवलास?"

"नाही. गंमत करायचीय."

तिने कागद घडी घालून मला परत दिला. मग म्हणाली, "शनिवारी परीक्षा होऊ दे. त्या दिवशी दोन्ही पद्धती चालतील असं मी फळ्यावर लिहिते. तुझा कागद त्यानंतर घेऊ."

"का?"

"मी सचिव आहे म्हणून."

ही कधी अशी तुटक बोलत नाही. बहुधा दाढ दुखत असावी.

१९ ऑक्टोबर, शनिवार

हे सगळं आजच्या आज लिहून काढायला हवं.

परीक्षा दहाला सुरू. मॅगझिनं मी भरली होती, कोणाला किती ते फक्त मला ठाऊक. आधी ब्राइस. पंज्याने. तिन्ही फेऱ्या दोन पूर्णांक आठच्या आत. मग टायमर कार्लाकडे देऊन मी. अंगठ्याने. दोन पूर्णांक नऊ, दोनदा, आणि एकदा तीनला टेकून. खिशात तो कागद होता.

मग ऑरिन. टिचबटणांचा निळा शर्ट, वर जाड जाकीट. टायमर वाजला. चार गोळ्या, स्लाइड अडकली. रिकामं मॅगझिन खाली पडलं, नवं आत गेलं, आणि त्यांचा डावा हात वर आला. अख्खा पंजा स्लाइडवर पडला, मागे खेचली, सोडली, खट्, आणि गोळी सुटली. दोन पूर्णांक आठ.

मला वाटलं चुकून झालं. दुसरी फेरी. पंजा. दोन पूर्णांक नऊ. तिसरी. पंजा. दोन पूर्णांक सात. एवढा सफाईदार पंजा ब्राइसचाही पडत नाही.

"पास झालो का?" ऑरिननी विचारलं.

मी टायमर धरून उभी. "ऑरिन, हे काय?"

"तीनच्या आत आहे ना? मग पास का ते सांग."

"पास."

ब्राइस जमिनीकडे बघत होता. कार्ला नाक शिंकरत होती. आणि मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट येऊन बसायला लागली, थर्मास, शर्ट, बूट, ती पाठ फिरवून केलेली खटपट, मंगळवार. सत्तावीस वर्षं आरशात बघून कोणत्या पोराला ताप आहे ते मी ओळखत होते, आणि शेजारी बसलेला माणूस मला दिसला नाही.

शेडमध्ये गेलो दोघं. ऑरिननी हातमोजा काढला. अंगठ्याच्या बुडाशी हाड वर आलंय, सांधा पार झिजलाय. कॅस्पर शहरातल्या डॉक्टरने वसंतातच सांगितलं होतं. मॅगझिनचं बटण मऊ आहे, ते दाबलं जातं. खिटी दाबली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तरी ती हलत नाही.

"ब्राइसला कसं कळलं?"

"जुलैत त्याने मला शेडमागे बघितलं. खिटी दाबत होतो आणि शिव्या देत होतो. त्याने काही विचारलं नाही. पुढच्या मंगळवारी दारात हजर. म्हणाला, सर, गॅरेज रिकामं आहे का? तेव्हापासून दर मंगळवारी. खोट्या काडतुसांनी. एकेका दिवशी दोनशे वेळा."

"आणि मैदानावर त्याच्याशी भांडत होतात!"

"वाद बरोबर होता माझा. अंगठा चुकीचा होता."

"मला का नाही सांगितलंत?" मला रडू येत होतं आणि रागही. खरंच सांगते, मत्सर वाटला. चार वर्षं मी त्यांच्याबरोबर, आणि गुपित त्या पोराला.

"तुला सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी आकडे वाकवले असतेस."

मी खिशातला कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला. केवळ अंगठ्यानेच. शिकवणाऱ्यांची परीक्षाही. वाचता वाचता त्यांचे खांदे हलायला लागले. "वाकवलेसच की! आणि तेही मलाच हाकलायला!"

हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले, पण त्यांच्याइतकी नाही. त्यांना वाचवायला म्हणून मी जे लिहिलं होतं त्याने त्यांचा शनिवार माझ्याच सहीने गेला असता, आणि मी वर चेहरा बघायला उभी राहिले असते.

बाहेर येऊन ब्राइसला म्हटलं, "मी तुला दुकानात नको ते बोलले."

"मला ऐकू नाही आलं, मिस व्हर्ना."

"सगळं ऐकलंस. चुकलं माझं."

"हो, मिस व्हर्ना," तो म्हणाला, आणि या वेळी हसला.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

नवा कागद लिहिला, या वेळी आकडे सांगतात तो. मॅगझिन बदलण्याचं पहिलं आणि मुख्य काम: पिस्तूल रिकामं झालंय हे ओळखणं. ते शिकवताना शिकणाऱ्याचं मॅगझिन शिकवणाऱ्याने भरावं. त्यानंतर स्लाइड अंगठ्याने सोडा किंवा पंज्याने, ज्याच्या हाताला जी जमते ती एक धरा आणि तीच पक्की करा. कार्लाने विमावाल्यांना फोन केला. त्यांना 'प्रत्येक शिकणाऱ्यासाठी एक पद्धत' एवढे शब्द पुरले. त्यांना आमच्या अंगठ्यांचं काय!

ऑरिननी एकच मागितलं. "वर्गात माझ्या हाताबद्दल बोलायचं नाही. आवड म्हणून पंजा वापरतो, एवढंच." मी कबूल केलं. माणसाला तेवढा अभिमान राहू द्यावा. लोकांना कळलं तर ते उद्या त्यांना खुर्ची आणून देतील, आणि ते त्यांना मरणाहून वाईट वाटेल.

२ नोव्हेंबर, शनिवार

नवा वर्ग. सात जण. ऊन छान होतं, बर्फ वितळून मैदानात चिखल. ऑरिन रांगेच्या एका टोकाला, ब्राइस दुसऱ्या, मी मध्ये. ऑरिन शीळ घालत होते, नेहमीसारखीच बेसूर.

लोइस अमंडसन म्हणून एक बाई आल्यात. सत्तरीच्या, पोस्टातून निवृत्त, मागच्या वर्षी नवरा गेला, आता नदीपलीकडच्या घरात एकट्या. स्लाइड सोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी खिटीवर अंगठा ठेवला. दाबला. पुन्हा दाबला. मग दोन्ही अंगठे ठेवून दाबले. बोटांची पेरं सुजलेली दिसत होती. स्लाइड हलली नाही. त्यांनी पिस्तूल हळूच टेबलावर ठेवलं, कानांवरचे संरक्षक काढले आणि पिशवी आवरायला लागल्या. "माझ्याच्याने नाही व्हायचं. या वयात यायलाच नको होतं मी. तुमचा वेळ घेतला, माफ करा." डोळे भरून आले होते आणि बाकीचे सहा जण दुसरीकडे बघत होते.

मी पुढे होणार तेवढ्यात ऑरिन चिखलातून चालत आले. मला माहीत आहे ते अशा वेळी काय म्हणतात. तीस वर्षं एकच वाक्य आहे त्यांचं: जोर लावा, खिटी तुमच्यापेक्षा हट्टी नाही.

ते म्हणाले नाहीत. हातमोजा काढायला त्यांना वेळ लागला, दातांनी ओढून काढावा लागला. मग उजवा हात लोइसबाईंसमोर धरला, सगळ्यांना दिसेल असा. "हा अंगठा बघा. यानेही ती खिटी दबत नाही. वसंतापासून नाही दबत. शर्टाची बटणंसुद्धा लागत नाहीत माझ्याच्याने."

लोइसबाईंनी पिशवी खाली ठेवली. वाकून त्यांनी ते वर आलेलं हाड बघितलं, आणि मग आपला हात शेजारी धरला. "माझं इथे जास्त आहे," त्या म्हणाल्या.

"तुमचं जास्त आहे," ऑरिननी मान्य केलं. मग रांगेच्या टोकाकडे बघून ओरडले, "ब्राइस! इकडे ये रे. आम्हा दोघांना दाखव."

ब्राइस आला. ऑरिन लोइसबाईंच्या शेजारी, शिकणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. ब्राइस गांगरला होता, आवाज जरा चिरकला, पण त्याने सुरुवातीपासून सांगितलं, पंजा कसा टाकायचा, खेचून नुसतं सोडून कसं द्यायचं. दोघांनी करून पाहिलं. ब्राइसने लोइसबाईंचं नीट पाहिलं, मान हलवली, आणि मग, माझ्या मते आयुष्यात पहिल्यांदाच, चारचौघांत म्हणाला, "सर, तुमचं कोपर खाली पडतंय."

सातही जण ऑरिनकडे बघायला लागले.

ऑरिननी कोपर वर घेतलं. "बरं, मास्तर," ते म्हणाले.